मॅक घ्यावा की असेम्बल्ड? रेकॉर्डिंगवाल्यांचा हिशोब

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या हॉस्टेलवर दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, मेसचं बिल कुणाचं थकलंय? आणि दुसरा, एकांकिकेचं म्युझिक कुणाच्या कॉम्प्युटरवर करायचं? या वर्षी दुसऱ्या प्रश्नाला फाटे फुटले. रेकॉर्डिंगचा नाद असलेल्या आम्ही सहा जणांनी दहा-दहा हजार वर्गणी काढून एक सामाईक मशीन घ्यायचं ठरवलं आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. लातूरची पोरं म्हणाली, "मॅकच घ्या. स्टुडिओत सगळीकडं मॅकच राहते." नांदेडची म्हणाली, "येडे झालात का? तेवढ्यात असेम्बल्ड येतो, अन् वरून माईक बी येतो!" रात्री दोनपर्यंत वाद चालला. निकाल काही लागला नाही, चहाची उधारी तेवढी वाढली.

मी त्या वादात गप्प होतो, कारण माझी एक जुनी जखम आहे. मागच्या दिवाळीत अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला बसलो. रूमवरचा जुना डेस्कटॉप एस.टी.तून गावी नेला होता. आजी चाळीस मिनिटं गात होती आणि मधेच लाईट गेली. यूपीएस नव्हता. लाईट आल्यावर फाईल उघडली तर लांबी शून्य सेकंद! मी ती फाईल डिलीट केली आणि पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. आजी म्हणाली, "जाऊ दे रं, परत म्हणते." पण दुसऱ्या वेळी ओव्या वेगळ्याच आल्या. पहिल्यांदा आठवलेल्या कितीतरी तिला पुन्हा आठवल्याच नाहीत.

नंतर कळलं की वेव्ह फाईलची लांबी तिच्या सुरुवातीच्या भागात लिहिलेली असते आणि बरीच सॉफ्टवेअर ती रेकॉर्डिंग थांबवताना भरतात. मधेच लाईट गेली तर लांबी शून्य दिसते, पण खाली आवाज डिस्कवर असू शकतो. ऑडॅसिटीत 'रॉ डेटा' म्हणून तो उघडता येतो. म्हणजे मी बहुधा हाताने आजीचा आवाज पुसला. म्हणून मित्रांनो, हा लेख. मशीन निवडताना ब्रँड बघायच्या आधी काय काय बघायचं, एवढंच सांगायचं आहे.

मशीनने आवाज गोड होत नाही

पहिला गैरसमज काढू. मॅकवर आवाज 'गोड' येतो असं काही नसतं. माईकमधून आलेल्या सिग्नलचे आकडे करण्याचं काम ऑडिओ इंटरफेस करतो. तो यूएसबीला जोडायचा डबा दोन्हीकडे तोच असेल, तर आकडेही तेच.

आता वजन बघा. ४८ हजार सॅम्पल प्रति सेकंद, प्रत्येक सॅम्पल २४ बिट, म्हणजे एका ट्रॅकला सेकंदाला १४४ किलोबाइट. मिनिटाला साधारण ८.६ एमबी. सोळा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं सुमारे ६९० एमबी. आजच्या कुठल्याही एसएसडीला हे सहज झेपतं. खरा ताण येतो तो प्लगइन्स आणि मोठमोठ्या सॅम्पल लायब्ररींचा. तिथे प्रोसेसर आणि रॅम लागते. गेमवाल्यांचं महागडं ग्राफिक्स कार्ड इथे जवळपास काही कामाचं नाही. पैसे वाचवायची पहिली जागा हीच.

तबला मागे का पडतो?

गाणारा हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकतो आणि ताल सुटतो. यालाच लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाज थेंबथेंब न घेता वाटी भरून घेतो. ती वाटी म्हणजे बफर. १२८ सॅम्पलची वाटी भरायला ४८ हजारच्या दराने २.७ मिलिसेकंद लागतात, १०२४ ची भरायला २१. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे २१ मिलिसेकंद म्हणजे सात मीटर लांब बसलेल्या तबलजीसोबत गाणं! शिवाय आत येताना एक वाटी आणि बाहेर जाताना दुसरी. वाटी फार लहान केली तर प्रोसेसरला दम लागतो आणि टकटक आवाज येतात.

इथे मॅकला मार्क द्यावेच लागतात. कोअर ऑडिओ ही व्यवस्था त्याच्या सिस्टीममध्येच आहे, त्यामुळे बहुतेक इंटरफेस लावले की चालतात. विंडोजवर १९९७ साली स्टाइनबर्ग कंपनीने आणलेला एएसआयओ हा मार्ग आहे. तो उत्तम चालतो, पण इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तरच. खरेदीआधी हे बघायचं विसरू नका. कधी कधी वायफायचा ड्रायव्हरच मधे कडमडतो. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर गुन्हेगार शोधून देतं. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद ठेवलं तर निम्मे तंटे मिटतात.

सॉफ्टवेअर आधी, मशीन नंतर

लॉजिक मुळात एमॅजिक या जर्मन कंपनीचं. २००२ मध्ये अॅपलने ती कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. म्हणजे ज्याला लॉजिकच पाहिजे, त्याच्यासाठी वाद संपला. गॅरेजबँडही मॅकचंच, आणि फुकट. उलट एफएल स्टुडिओ १९९७ पासून विंडोजवर वाढलं, मॅकवर ते २०१८ ला आलं. रीपर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. साठ दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक लायसन्स साठ डॉलरचं आहे. सहा जणांच्या सहा तऱ्हा असताना असं सगळीकडे चालणारं सॉफ्टवेअर बरं. क्रॅक टाकण्याचा सल्ला देणारे हॉस्टेलवर पुष्कळ भेटतील. सबमिशनच्या आदल्या रात्री व्हायरस काढायला मात्र त्यातलं कुणी येत नाही!

आपल्याकडची लाईट, आपल्याकडचं ऊन

पुस्तकी तुलनेत हे दोन मुद्दे नसतात, पण आपला निकाल तिथेच लागतो. भारनियमनाचे जुने दिवस गेले असं म्हणतात, पण एक जोराचा वारा सुटला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. एम-४ मॅक मिनी जास्तीत जास्त ६५ वॅट खातो. असेम्बल्ड पीसी मॉनिटरसकट शंभर-दीडशेच्या घरात जातो. एकाच यूपीएसवर मॅक जास्त वेळ तगेल हे उघड आहे. पण साधा ६०० व्हीएचा यूपीएससुद्धा सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ देतो. माझ्या चाळीस मिनिटांना तेवढाच वेळ पाहिजे होता.

दुसरं, ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ वर, रेकॉर्डिंगसाठी सीलिंग फॅन बंद, आणि असेम्बल्डचा पंखा विमानासारखा घोंगावतोय! मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, तो या बाबतीत राजा. असेम्बल्ड घेताना मोठा, सावकाश फिरणारा पंखा आणि चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय घ्या. दुकानदार सगळ्यात आधी तिथेच काटकसर करतो. कॅबिनेट माईकपासून लांब, टेबलाखाली ठेवा.

आणि ती घूंऽऽ? ती बहुतेक वेळा कॉम्प्युटरची नसतेच. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि सॉकेटला अर्थिंग नसेल किंवा दोन उपकरणं वेगवेगळ्या अर्थिंगला असतील तर तीच आवाजात शिरते. परीक्षा सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं थांबली तर दोष वायरिंगकडे. इलेक्ट्रिशियन काकांना बोलवा, मॅक बदलून काही होणार नाही.

बिघडलं तर कुठं जायचं?

असेम्बल्डची रॅम गेली तर वजिराबादेत नाहीतर गंजगोलाईच्या आसपास जाऊन नवी आणायची, संध्याकाळी मशीन चालू. उद्या पैसे आले की रॅम वाढवायची, परवा दुसरी डिस्क. मॅकमध्ये रॅम घेताना जेवढी घेतली तेवढीच आयुष्यभर. बिघाड झाला तर अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते घ्यायच्या आधीच अॅपलच्या साईटवर बघा. सबमिशनच्या आठवड्यात मशीन हैदराबाद किंवा पुण्याला पाठवायची वेळ येऊ नये. उलटपक्षी, मॅक जुना झाला तरी त्याला चांगली किंमत येते. असेम्बल्डला सहसा तशी येत नाही.

सेकंडहँड असेम्बल्ड घेणाऱ्यांनो, एक सावध राहा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. 'स्वस्तात मस्त' म्हणून गळ्यात काय पडतंय ते बघून घ्या.

मशीन जातं, आवाज राहतो

ओव्यांवरून एक गोष्ट सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या पुण्याच्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक त्यांना येऊन मिळाले आणि रेकॉर्डिंगचं मोठं काम झालं. १९९६ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही रेकॉर्ड झाल्या. आज त्या 'पारी'च्या साईटवर मोबाईलवर ऐकता येतात.

याच बेल यांनी तबल्याच्या बोलांसाठी बोल प्रोसेसर नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं, आधी अॅपलच्या छोट्या मशीनवर, मग मॅकिंटॉशवर. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिना सिस्टीमने ३२ बिटचे सगळे जुने प्रोग्राम बंद केले आणि त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती करावी लागली. त्यांच्या हाताखालचं मशीन गेलं, सिस्टीम गेली, पण ओव्या राहिल्या, कारण कुणीतरी त्या वेळच्या वेळी नव्या जागी उतरवून ठेवल्या. यातून घ्यायचं ते हेच. सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाईल हा काही ठेवा नाही. काम संपलं की प्रत्येक ट्रॅक साध्या वेव्हमध्ये काढा आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. मॅक असो की असेम्बल्ड, हा नियम सारखाच.

मग आम्ही काय ठरवलं?

हिशोब कागदावर मांडला आणि आवाज आपोआप खाली आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये एम-४ मॅक मिनी आला तेव्हा त्याची किंमत ५९,९०० होती. आमच्या साठ हजारांतून उरले शंभर, त्यात माईकची वायरसुद्धा येत नाही! विद्यार्थ्यांच्या सवलतीत ४९,९००, तरी इंटरफेस आणि माईक मिळून दहा हजारांत बसवणं अवघडच. असेम्बल्डचं कोटेशन, जुना मॉनिटर वापरून, यूपीएससकट ३८ हजारांच्या आसपास आलं. उरलेल्या बावीस हजारांत इंटरफेस, एक कंडेन्सर माईक, हेडफोन आणि स्टँड. भिंतीला लावायला घरच्या जुन्या गोधड्या आहेतच. लातूरवाल्यांनीही मान हलवली.

पण हे उत्तर आमचं आहे. एकट्याने काम करणारा, आज नांदेड, उद्या लातूर असं फिरणारा, लॉजिकवर हात बसलेला आणि माईक-इंटरफेस आधीच जवळ असलेला मित्र असेल, तर त्याने खुशाल मॅकबुक घ्यावा. बॅटरी, शांतता आणि कमी कटकट यांचे ते पैसे आहेत, वाया जात नाहीत. फक्त माईकचे पैसे कापून मॅक घेऊ नका, आणि यूपीएसचे पैसे कापून असेम्बल्ड घेऊ नका.

येत्या दिवाळीत मी पुन्हा गावी चाललोय. या वेळी डेस्कटॉप नेणार नाही. मित्राचा लॅपटॉप बॅटरीवर, आणि सोबत बाजूला मोबाईलवरही रेकॉर्डिंग चालू ठेवणार. आजीला आता दम लागतो, म्हणून एका बैठकीत पाच-सातच ओव्या घ्यायच्या आणि प्रत्येक बैठकीनंतर कॉपी काढायची. परत आलो की मिक्सिंग आमच्या असेम्बल्डवर. ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांनी रूमवर जरूर यावं, माईक मिळेल. आणि फाईल शून्य सेकंदाची दिसली, तर कृपा करून डिलीट करू नका. आधी मला हाक मारा!