संगणकाचं बिऱ्हाड

बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या घरांना बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही. ट्रंका, पिंप, पाटा-वरवंटा, गाद्यांच्या वळकट्या आणि सगळ्यांत शेवटी मांडीवर घेतलेला देव्हारा. आमच्या आईनं वडिलांच्या बदल्यांपायी अशी नऊ बिऱ्हाडं हलवली. दहावं बिऱ्हाड तिनं २०२५ च्या मे महिन्यात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ठाण्याच्या आमच्या घरात हलताना पाहिलं. फरक इतकाच, की ते माणसांचं नव्हतं. आमच्या लेकीच्या कॉम्प्युटरचं होतं.

हा कॉम्प्युटर आम्ही २०२१ मध्ये घेतला. तो काळ आठवतो ना? शाळा-कॉलेजं घरात आलेली आणि बाजारात ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडलेला. एकीकडे महामारीमुळे चिप्सचा तुटवडा, दुसरीकडे आभासी चलनं 'खणणारे' लोक कार्डांमागून कार्डं उचलत होते. सुटं कार्ड घ्यावं तर त्याच्याच किमतीत अर्धा कॉम्प्युटर आला असता. म्हणून लेकीनं तोड काढली : कंपनीनं जोडून विकलेला 'गेमिंग' कॉम्प्युटर घ्यायचा, कार्ड त्यात आपोआप येतं. पेटी काळी कुळकुळीत, पुढून काच, आत रंगीत दिवे. आई म्हणाली, "गणपतीच्या मखरासारखं दिसतंय."

चार वर्षं त्यानं इमानानं काम केलं. लेक त्यावर खेळ खेळायची हे खरं, पण त्यावरच ती अ‍ॅनिमेशनही शिकली. ज्या मे महिन्याची ही गोष्ट, त्याच महिनाअखेर तिला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प द्यायचा होता. आणि नेमका तेव्हाच हा गडी दगा देऊ लागला. चित्रफीत तयार होत असताना आधी मंदावायचा, मग पंखा विमानासारखा घोंघावायचा आणि शेवटी फटकन बंद. रात्रभराचं काम पाण्यात.

दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यानं मागचा शिक्का पाहिला, वॉरंटी संपल्याची खात्री केली आणि म्हणाला, "काका, ह्या कंपनीच्या पेट्यांना हात नाही लावत आपण. नवीनच घ्या." नवीन म्हणजे लाखाच्या वर. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कोणी फारसं बोललं नाही.

दोष भाडेकरूचा की घराचा?

दुसऱ्या दिवशी लेकीनं एक साधा प्रयोग केला. पेटीचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं, टेबलफॅन समोर लावला आणि तेच काम पुन्हा सुरू केलं. एरवी प्रोसेसरचं तापमान ९७ अंशांवर जाई, ते ८० च्या आसपास थांबलं. मशीन बंद पडलं नाही.

"बाबा, कॉम्प्युटर आजारी नाहीये. त्याचं घर कोंदट आहे," ती म्हणाली.

गोष्ट पटण्याजोगी होती. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जी वीज खातात, तिची जवळजवळ सगळीच उष्णता होते. ही उष्णता पेटीतून बाहेर गेली नाही, तर आतली हवाच तापते आणि पंखे तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतात. बहुतेक आधुनिक प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांजवळ पोचले, की स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतात. तेवढ्यानंही भागलं नाही, तर यंत्र स्वतःला बंद करतं. आमच्या पेटीला पुढे अख्खी काच, हवा आत यायला कडेनं बोटभर फट आणि मागे एकच पंखा. थंड देशातल्या खोलीत ते चालूनही गेलं असेल. ठाण्याच्या मे महिन्यात कसं चालावं? पेटीतली धूळ झाडून पाहिली, दोन-तीन अंशांचा फरक पडला. काच तिथंच होती.

तेव्हा उपाय एकच : आतले सगळे भाग तेच ठेवायचे आणि त्यांना हवेशीर कॅबिनेटमध्ये हलवायचं. म्हणजे बिऱ्हाड हलवणं. लेक म्हणाली, "मी करते." मी म्हणालो, "अजिबात नाही." कंपनीनं बंद केलेली वस्तू उघडायची नसते, हे आमच्या पिढीच्या हाडीमाशी भिनलेलं. बिघडली तर? प्रकल्पही जायचा आणि कॉम्प्युटरही.

तेव्हा आईनं विचारलं, "अरे, पण तुझा पहिला कॉम्प्युटर तू कुठून आणला होतास?"

काळ्याला काळं

आईच्या प्रश्नानं मला १९९६ साल आठवलं. बँकेतून कर्ज काढून मी लॅमिंग्टन रोडवरून एक 'असेंबल्ड' ४८६ आणला होता. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते फक्त पाटीवर. तिथल्या एका पोटमाळ्यावर विशीतल्या मुलानं माझ्यासमोर सुटे भाग जोडले होते. त्या काळी वीजपुरवठ्याच्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, मदरबोर्डला दोन वेगवेगळे जोड यायचे. ते उलटसुलट बसले, तर बोर्डाची राख. तो मुलगा म्हणाला होता, "साहेब, एकच मंत्र लक्षात ठेवा, काळ्याला काळं." दोन्ही जोडांतल्या काळ्या वायरी मध्यभागी शेजारी आल्या, की बरोबर. पुढे सात वर्षं तो कॉम्प्युटर मीच उघडत होतो आणि मीच बंद करत होतो. मग हा हात कधी भित्रा झाला?

मुळात हे भाग एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकतात, यामागे मोठा इतिहास आहे. १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला आणि त्याची अंतर्गत रचना पुस्तकरूपानं उघड केली. त्यामुळे इतरांना त्याला जुळणारे भाग बनवता आले. १९९५ मध्ये इंटेलनं 'एटीएक्स' नावाचं मोजमाप ठरवून दिलं. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी, मागची खिडकी अमुक मापाची. दोन जोडांच्या जागी एकच जोड आला, तोही उलटा बसणार नाही असा. 'काळ्याला काळं' हा मंत्र इतिहासजमा झाला. दोन वर्षांनी २४४ मिलिमीटर चौरसाचा धाकटा भाऊ 'मायक्रो-एटीएक्स' आला. आज तीस वर्षांनीही हीच मापं चालतात.

मेख इथंच आहे. जोडून विकणाऱ्या सगळ्याच कंपन्या ही मापं पाळत नाहीत. काहींचा बोर्ड वेगळ्याच आकाराचा असतो. काहींच्या एसएमपीएसचा जोड त्यांच्याच बोर्डाला बसतो. काहींत मागच्या खिडकीची पट्टी पेटीलाच जोडलेली असते, तर काहींत पुढच्या बटणाच्या वायरींचा एकच ठोकळा असतो. नव्या कॅबिनेटमधून मात्र त्या वायरी सुट्या येतात. म्हणून नवं कॅबिनेट विकत घेण्याआधी जुनं उघडून पाहावं. बोर्डाची लांबी-रुंदी, ग्राफिक्स कार्डाची लांबी, प्रोसेसरवरच्या पंख्याची उंची, एसएमपीएसचा आकार आणि वायरींचे जोड, हे सगळं पट्टीनं मोजून कागदावर लिहावं. कपाट दारातून जाईल की नाही, हे ते टेम्पोत चढवण्याआधी पाहतातच ना?

आमचं नशीब निम्मं बरं निघालं. बोर्ड मायक्रो-एटीएक्स, एसएमपीएसही नेहमीच्या मापाचा. पण मागची पट्टी पेटीलाच जोडलेली आणि बटणाचा ठोकळा कंपनीचा खास.

एक रविवार

कागद खिशात घालून लेक आणि मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. पुढून जाळीचं, तीन पंखे असलेलं कॅबिनेट साडेपाच हजारांना मिळालं. सगळ्या कामाची प्रत लेकीनं बाहेरच्या डिस्कवर घेतली होती. प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याला हात लावायचा नाही, ते बोर्डासकट उचलायचं, हेही ठरलं होतं. पंखा विनाकारण उपटला, तर मधली उष्णतावाहक पेस्ट नव्यानं लावावी लागते. कधी कधी चिकटलेला प्रोसेसरच सोबत निघून येतो.

रविवारी सकाळी जेवणाचं टेबल मोकळं केलं. वायर भिंतीपासून काढली, मग उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून चालू करायचं बटण दाबून धरलं. कामाला लागण्याआधी पेटीच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. कोकणपट्टीच्या दमट हवेत ही भीती कमी, विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात जास्त. लेकीनं प्रत्येक वायर काढण्याआधी तिचा फोटो काढला. मी स्क्रू एका जुन्या अंड्यांच्या ट्रेमध्ये वेगवेगळे ठेवत होतो.

ग्राफिक्स कार्ड काढताना तिनं खाचेच्या टोकाची खिट्टी आधी दाबली. ती न दाबता ओढलं, तर खाचच तुटते. नव्या पेटीत बोर्डाच्या खाली पितळेचे छोटे खुंट बसवायचे असतात, म्हणजे बोर्ड पत्र्याला टेकत नाही. ते बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. एखादा भलत्याच जागी राहिला, तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट व्हायचा. आम्ही ते दोनदा मोजले. बटणाच्या वायरींसाठी बोर्डावरची अक्षरं वाचायला आईचं पेपर वाचायचं भिंग कामाला आलं. बटणाच्या दोन वायरी कशाही लावल्या तरी चालतात, दिव्याच्या मात्र उलटसुलट चालत नाहीत. मागची खिडकी उघडी राहिली होती, तिथं फाइलच्या प्लॅस्टिकचा तुकडा कापून बसवला.

दुपारी दोनला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा.

एक मिनिट गेलं, दोन गेली. पडदा काळाच. लेकीचा चेहरा मला बघवेना. "मी उगाच..." एवढंच ती म्हणाली. माझ्या जिभेवर 'मी सांगत होतो' हे वाक्य आलं होतं. ते गिळलं, याचं मला आजही समाधान आहे.

आई म्हणाली, "जुन्या घरातले फोटो काढलेत ना? मग बघा की, काय यायचं राहिलंय ते."

फोटो आणि पेटी शेजारी ठेवून आम्ही ताडून पाहू लागलो. बाराव्या की तेराव्या फोटोत बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ पिनांचा एक जोड दिसत होता. प्रोसेसरला वीज देणारा. नव्या पेटीत ती वायर मागच्या बाजूला तशीच लोंबत राहिली होती. वीज बंद करून जोड बसवला, पुन्हा बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. लेक टाळ्या वाजवत उठली. आईनं साखर आणून आधी तिच्या हातावर ठेवली, मग माझ्या.

विंडोजनंही कुरकुर केली नाही. कंपनीनं आधीच घालून दिलेल्या विंडोजचा परवाना बोर्डाशी बांधलेला असतो. बोर्ड तोच, म्हणून परवानाही तोच. त्या रात्री तेच काम चालू असताना तापमान ७८ अंशांवर राहिलं. प्रकल्प वेळेत गेला.

हे कोणी करू नये, तेही सांगायला हवं. वॉरंटी शिल्लक असेल, तर आधी कंपनीकडेच जावं. बोर्ड किंवा एसएमपीएस खास मापाचा असेल, तर हा उद्योग महागात पडतो. एसएमपीएस बदलावाच लागला, तर जुन्याच्या सुट्या वायरी नव्याला लावू नयेत. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि डिस्क जळते. एसएमपीएसचा डबा तर कधीच उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात धक्का देण्याइतकी वीज साठलेली असते.

दुरुस्तीचा हक्क या विषयावर अलीकडे आपल्याकडेही बोललं जातं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये त्यासाठी एक पोर्टल सुरू केलं. हक्क हवाच. पण झाकण उघडायची हिंमत घरातूनच यावी लागते, आणि ती येण्याआधी घरातल्या मोठ्यांनी 'नाही' म्हणायचं थांबवावं लागतं. लाखाचा खर्च साडेपाच हजारांत टळला, हे तर झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, बिघडलेली वस्तू आणि बिघडलेलं घर यांतला फरक माझ्या लेकीनं मला दाखवला.

काचेची रिकामी पेटी अजून गॅलरीत आहे. भंगारवाल्याला द्यायची म्हटलं, तर आई म्हणते, "राहू दे, यंदा गणपतीला मखर करू."