कोड्याचा वाद कसा घालावा?

चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर किंवा शाळेच्या मधल्या सुट्टीत कोणी एखादे कोडे घातले, की दहा माणसे जमलीच म्हणून समजा. उत्तरे निघतात दोन-तीन, आणि मग जो आवाज चढतो तो काही विचारू नका! कोडे बाजूला राहते आणि कोणाचे नाक खाली झाले एवढेच लक्षात राहते. कोडे चारचौघांत सोडवावे की नाही, आणि सोडवायचे तर वाद घालावा कसा, याचा आज थोडा विचार करू.

आपल्या जुन्या न्यायशास्त्राने हा विचार फार बारकाईने केलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते कळावे म्हणून जी चर्चा चालते तो वाद. जिंकण्यासाठी जी चालते तो जल्प. आणि आपले स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे नुसते खोडून काढायचे, ती वितंडा. म्हणजे मुळात 'वाद' हा शब्द चांगला. आपणच त्याला भांडणाच्या पंगतीला नेऊन बसवले.

आता एक कोडे घ्या. पाटावर तीन वाट्या पालथ्या घातल्या आहेत. एकीखाली चिंचोका आहे, दोन रिकाम्या आहेत. तुम्ही एका वाटीवर बोट ठेवता. चिंचोका कुठे आहे हे ठेवणाऱ्याला ठाऊक आहे. तो उरलेल्या दोहोंपैकी एक रिकामी वाटी उचलून दाखवतो आणि विचारतो, "बोट तिथेच ठेवता, की दुसऱ्या वाटीवर नेता?" बोलायला सोपे! बहुतेक लोक म्हणतात, दोनच वाट्या राहिल्या, निम्मेनिम्म संधी. बदलले काय अन् न बदलले काय, सारखेच.

हे कोडे मूळचे अमेरिकेतले. तिथे वाट्यांच्या जागी दारे आहेत, चिंचोक्याच्या जागी मोटार आणि रिकाम्या दारांमागे बोकड. स्टीव्ह सेल्विन या संख्याशास्त्रज्ञाने ते १९७५ साली मांडले. पण गाजले ते १९९० मध्ये. 'परेड' नावाच्या पुरवणीत मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट या लेखिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत असत. त्यांनी लिहिले, "बदला. बदलण्यात फायदा आहे." झाले! सुमारे दहा हजार पत्रे आली. पुष्कळांनी त्यांना चूक ठरवले, आणि पत्रे लिहिणाऱ्यांत जवळजवळ हजार जण पीएच.डी. झालेले होते. काहींनी चेष्टा केली. बायकांची गणिताकडे पाहायची नजरच निराळी असेल, असाही टोमणा एकाने मारला. बाईंचे उत्तर मात्र बरोबर होते.

कसे ते बघा. पहिल्यांदा बोट ठेवलेत तेव्हा तुम्ही बरोबर असण्याची संधी तिनांत एक, आणि चुकलेले असण्याची तिनांत दोन. तुम्ही चुकलेले असाल, तर चिंचोका उरलेल्या दोन वाट्यांपैकी एकीखाली आहे. ठेवणारा त्यांतली रिकामी उचलतो. मग राहिलेल्या वाटीखाली चिंचोका असलाच पाहिजे. म्हणजे तुम्ही जेव्हा जेव्हा चुकलेले असता, तेव्हा तेव्हा बदलले की जिंकता. म्हणून बदलणाऱ्याला तिनांत दोन वेळा यश, न बदलणाऱ्याला एक वेळ.

एवढे सांगूनही पटत नाही ना? पॉल एर्डोश हे विसाव्या शतकातले फार मोठे गणिती. त्यांनाही ते पटेना. त्यांच्या एका मित्राने हा खेळ संगणकावर पुन्हा पुन्हा खेळून दाखवला, तेव्हा ते नाइलाजाने कबूल झाले. पण 'असे का?' ही त्यांची तक्रार उरलीच. सॅव्हंटबाईंनी तरी काय केले? अमेरिकेतल्या शाळांना सांगितले, की पेले आणि नाणे घ्या आणि खेळून बघा. मुलांनी खेळून पाहिले आणि उत्तर बाईंच्याच बाजूने आले. हजार पदव्यांनी जो वाद मिटला नाही, तो पेल्यांनी मिटवला.

परंतु या गोष्टीला आणखी एक पदर आहे. ज्यांच्या दूरचित्रवाणीवरील खेळावरून हे कोडे सुचले, त्या माँटी हॉल यांनी १९९१ मध्ये एका वार्ताहराला हा खेळ खेळवून दाखवला आणि एक मार्मिक गोष्ट लक्षात आणून दिली. दार उघडण्याचे बंधन खेळवणाऱ्यावर नसेल, तर उत्तर बदलते. समजा, तुमचे बोट बरोबर वाटीवर असेल तेव्हाच तो तुम्हाला भुलवण्यासाठी दुसरी उचलतो. मग बदलणारा दरवेळी हरेल! आणि चिंचोका कुठे आहे हे त्यालाच ठाऊक नाही, सहज उचललेली वाटी रिकामी निघाली, असे असेल तर मात्र संधी खरोखरच निम्मेनिम्म. म्हणजे हिरिरीने भांडणारे दोघे कधी कधी एकच कोडे सोडवीतच नसतात. म्हणून वादाची पहिली पायरी ही, की अटी काय आहेत ते दोघांनी मिळून आधी ठरवावे.

आता कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा ज्याने त्याने आपापले सोडवावे, हे बरे नव्हे का? याचे उत्तर दुसऱ्या एका कोड्यात सापडते. पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने ते १९६६ साली मांडले. आपल्या अक्षरांत सांगतो. चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसते ते असे: अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. हा नियम पाळला आहे की नाही हे तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक लोक 'अ' आणि '४' म्हणतात. खरे उत्तर 'अ' आणि '७'. चारच्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो.

अमेरिकेतील मॉशमन आणि गाइल या संशोधकांनी १९९८ मध्ये हे कोडे महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घातले. एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी शंभरांत नऊच जणांना ते सुटले. पाच-सहा जणांच्या गटांना चर्चा करून सोडवायला दिले, तेव्हा शंभरांत पंचाहत्तर या प्रमाणात गटांना सुटले! बहुमताने ठरवले असते तर हे झाले नसते, कारण बहुमत चुकीच्याच बाजूला असते. पुढे २०१४ च्या एका संशोधनात दिसले, की अशा गटांचे यश सांगणाऱ्याच्या आत्मविश्वासापेक्षा त्याने दिलेल्या कारणावर अधिक अवलंबून असते. बरोबर कारण एकाने मांडले आणि इतरांनी ते ऐकून घेतले, की गट सुधारतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यात आपल्या कामाचे पुष्कळ आहे. वर्गात कोडे घातल्यावर उत्तर लगेच सांगू नका. आधी प्रत्येकाला आपले उत्तर पाटीवर किंवा वहीत गुपचूप लिहू द्या. नाहीतर हुशार म्हणून नाव असलेला मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. मग चार-पाच जणांचे गट करा. "किती आले?" असे विचारण्यापेक्षा "कशावरून?" असे विचारा. विरुद्ध बाजूचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय ते खोडायचे नाही, असा नियम घाला. एवढे करूनही वाद मिटला नाही, तर वाट्या आणा. साठ डाव न बदलता आणि साठ डाव बदलून खेळा, आणि फळ्यावर मांडा. एकीकडे वीसच्या आसपास, दुसरीकडे चाळीसच्या आसपास जिंकलेले डाव दिसतील.

मागच्या बाकावरची एखादी मुलगी बरोबर असते आणि गप्प बसते, कारण सगळा वर्ग दुसरेच म्हणत असतो. हीच मुलगी उद्या ग्रामसभेत बसेल, सोसायटीचा हिशेब वाचेल. तिथेही आवाज मोठ्यांचाच असतो. "कशावरून?" हा साधा प्रश्न न भिता विचारण्याची, आणि कारण पटले तर राग न धरता आपले उत्तर बदलण्याची सवय तिला चिंचोक्याच्या खेळात लागली, तर त्या खेळात गेलेला तास वाया गेला असे कोण म्हणेल?