पुढील उपचारासाठी

सावंतवाडी-दोडामार्गाकडे कुणी "काका बांबोळीला आहेत" असं म्हणालं, तर ऐकणारा "का?" असं विचारत नाही. "कुठल्या वॉर्डात?" असं विचारतो. बांबोळी हे पणजीलगतचं एक गाव, पण आमच्याकडे तो शब्द आजार कुठवर गेला ते सांगतो. आधी घरचा काढा, मग गावातला डॉक्टर, मग सरकारी दवाखाना आणि शेवटी बांबोळी. शेजारणी अंगणात उभ्या राहून एवढंच बोलतात, "गोव्याक व्हरूक सांगल्यांनी." बाकीचं न बोलता कळतं.

इन्सुलीचा नाका मागे टाकून पत्रादेवीला लागलं की महाराष्ट्र संपतो. गोव्याहून या रस्त्यानं काय काय येतं ते नाक्यावरच्या पोलिसांना ठाऊक. इकडून तिकडे सकाळी जातात ती तिथल्या कंपन्यांत कामाला लागलेली पोरं, दुचाकीवर, पाठीला डबा लावून. आणि दिवसा-रात्री कधीही जाते ती १०८ ची रुग्णवाहिका. सावंतवाडीपासून बांबोळी साठेक किलोमीटर. देवगड-वैभववाडीच्या माणसाला याच्या दुपटीहून जास्त.

बांबोळीला आहे ते गोवा मेडिकल कॉलेज. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत पणजीला निघालेल्या वैद्यकशाळेची ही आजची पिढी. छोट्या गोव्याच्या मानानं इस्पितळ मोठं आहे, आणि वर्षानुवर्षं आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यानं ते आपलंच मानलं. म्हणून जानेवारी २०१८ मध्ये गोवा सरकारनं बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा इथे घरातल्यानंच दार लावून घेतल्यासारखं लोकांना वाटलं. गोव्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या करदात्यांच्या पैशांतल्या खाटा शेजारच्या राज्यातल्या रुग्णांनी किती भराव्यात, हा प्रश्न त्यांनी विचारायलाच हवा होता. दोडामार्गात त्या वर्षी लोक आंदोलनाला बसले, आणि मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटली. राग गोव्यापाशी थांबला नाही. तो आपल्या सरकारकडे वळला. आमच्या तालुक्यात डॉक्टर का नाहीत, असा सरळ सवाल होता.

त्या सवालाचं उत्तर इमारतींत सापडत नाही. इमारती आहेत. कागदावरची रचना तर देखणी आहे. डोंगराळ-आदिवासी भागात ३ हजार आणि सपाटीवर ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र, २० ते ३० हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग ५० किंवा १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, आणि माथ्यावर जिल्हा रुग्णालय. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ४९ हजार ६५१ भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती कमी झाली होती. पोरं मुंबईला, म्हातारी गावाला. म्हणजे दवाखान्याची गरज असलेलं वय इथे, आणि रुग्णाला उचलून गाडीत घालणारे हात तिकडे. गणपतीत चाकरमानी आले की वाड्या भरतात, आणि सरकारी ओपीडीसमोरची रांगही.

उपजिल्हा रुग्णालय माणसांवर कसं चालतं ते एका माणसाकडे पाहिलं की कळतं. तो म्हणजे भूलतज्ज्ञ. गावातल्या कुणाला त्याचं नाव माहीत नसतं. ऑपरेशन "अमुक सर्जननं केलं" असंच आपण म्हणतो. पण सरकारी भाषेत ज्याला प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात, त्याची अट अशी की अडलेल्या बाईचं सिझेरियन कोणत्याही वेळी व्हावं, नवजात बाळाला सांभाळता यावं आणि रक्त साठवलेलं असावं. यातला भूलतज्ज्ञ काढून घ्या. मग स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असूनही सिझेरियन होत नाही. सिझेरियन होत नाही म्हणून रक्तसाठवण केंद्राकडे कुणी वळत नाही. सर्जन हर्नियाच्या तारखा पुढे ढकलतो, आणि वर्षभरात तोही कंटाळून बदली मागतो. पद एक रिकामं झालं, काम तिघांचं थांबलं. पाटीवर मात्र एकच पद रिक्त दिसतं.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन प्रसूतीपुरती भूल देण्याइतकं तयार करायचं, अशी योजना राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात निघाली. कल्पना चांगली होती. पण १८ आठवडे शिकून आलेला डॉक्टर पुन्हा एकटाच उभा असेल, शेजारी अनुभवी माणूस नसेल, आणि चूक झाली तर बाहेर नातेवाइकांचा जमाव असेल, तर तो सुई उचलायला कचरतो. मला त्यात त्याचा दोष दिसत नाही.

रिकाम्या खुर्च्यांनी एक स्वतंत्र शब्दसंग्रहही जन्माला घातला आहे. मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे हे तीन रकाने तर आता शाळकरी पोरांनाही माहीत आहेत. त्याखाली प्रतिनियुक्ती, म्हणजे या रुग्णालयाचा माणूस त्या रुग्णालयात. अतिरिक्त कार्यभार, म्हणजे एक माणूस दोन ठिकाणी. मानद, कंत्राटी, ऑन कॉल. बंधपत्रित, म्हणजे शासकीय महाविद्यालयात शिकल्याबद्दल वर्षभर सरकारी सेवा करायला बांधलेला तरुण डॉक्टर, जो आला त्या दिवसापासून लोक त्याच्या जाण्याचा दिवस मोजतात. प्रतिनियुक्तीचा खेळ तर फणसाच्या गऱ्यांसारखा आहे. एका ताटातले उचलून दुसऱ्यात घातले की दुसरं भरल्यासारखं दिसतं. फणस तेवढाच असतो.

एक रात्र सांगतो. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण जिल्ह्यातलं कुठलंही घातलं तरी चाललं असतं.

जूनचा दुसरा आठवडा, पहिला जोराचा पाऊस. आमच्या भाऊकाकांनी ढासळलेल्या गडग्याचा चिरा उचलताना हात आत घातला आणि फुरसं चावलं. फुरसं म्हणजे वीतभराचा साप, आमच्या जांभ्या दगडात सगळीकडे. ते चावलं की रक्त गोठायचं बंद होतं. तालुक्याच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ. आख्ख्या मजल्यावर एक सिस्टर, एक मावशी, आणि खाली एक तरुण डॉक्टर.

सर्पदंशातली मुख्य तपासणी ऐकली तर हसू येईल इतकी साधी आहे. दोन मिलिलिटर रक्त काढायचं, कोरड्या नव्या काचनळीत घालायचं, आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग नळी हळूच कलती करायची. रक्त घट्ट झालं असेल तर तूर्त रक्तावर विषाचा परिणाम नाही. पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिसर्पविष द्यायचं. यंत्र नाही, वीज नाही, रसायन नाही. लागतं ते एक शांत बसणारं माणूस.

सिस्टरनं नळी खिडकीच्या कठड्यावर उभी केली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि तेवढ्यात प्रसूतिकक्षातून हाक आली. ती मला म्हणाली, "दहा वाजून पाच मिनिटं झाली की मला हाक मारा. तोवर नळीला हात लावू नका, कुणाला लावू देऊ नका." आणि गेली. म्हणजे त्या क्षणी रुग्णालयाच्या ड्युटीवर मी होतो. भाऊकाका हात उशीवर ठेवून दर दोन मिनिटांनी विचारत, "टायम झालो मा?" दहा पाचला मी हाक मारली. आतून आवाज आला, "आले." ती आली तेव्हा दहा वाजून तेरा मिनिटं झाली होती, हातमोज्यांवर रक्त होतं. ते दुसऱ्या कुणाचं. तिनं मोजे काढले, नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं सरकलं.

मग डॉक्टर वर आला. प्रतिसर्पविषाची भुकटी असते, ती कुपीतच पाण्यात विरघळवावी लागते. जोरानं हलवली तर फेस येतो, म्हणून कुपी दोन तळव्यांत धरून सावकाश फिरवायची. पहिल्या फेरीला दहा कुप्या. सिस्टर पुन्हा प्रसूतिकक्षात. डॉक्टर सलाईनची नळी जोडतोय, ॲड्रेनॅलिनची सिरिंज भरून बाजूला ठेवतोय, कारण या औषधानंच रुग्णाला धाप लागू शकते. कुप्या फिरवत होती ती मावशी, कंत्राटावरची, पायात रबरी चपला, मांडी घालून बसलेली. भाकरी थापावी तितक्या सवयीनं एकेक कुपी तळव्यांत घोळवत होती. तिला हे काम कुणी कागदावर दिलेलं नव्हतं.

त्या मावशीसारख्यांवर आणि आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्मात्यांवर ही सगळी व्यवस्था किती टेकलेली आहे, ते २०२३ आणि पुन्हा २०२५ साली त्यांनी संप केले तेव्हा दिसलं. दहा-दहा वर्षं तेच काम करून दर वर्षी नव्यानं करार करायचा, ही अट कुठल्या कारखान्यात चालली असती? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच होता. रांग वाढली, टेबलापलीकडची माणसं तेवढीच राहिली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांतली १२ नवजात बाळं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. औषधांच्या टंचाईवर रकाने भरले, पण रिक्त पदांचा विषय चार दिवसांतच आतल्या पानावर गेला.

डॉक्टर का टिकत नाहीत, यावर आमच्या नाक्यावर एकच उत्तर मिळतं, "त्यांना पैसा हवा." हे अर्धंच खरं. अभियानात तज्ज्ञांसाठी "तुम्ही आकडा सांगा, आम्ही देतो" अशी सोय काढून झाली, तरी खुर्च्या रिकाम्याच. मी ज्या-ज्या तरुण डॉक्टरांशी बोललो त्यांची तक्रार एकटेपणाची होती. रात्री शंका आली तर विचारायला वरिष्ठ नाही. क्वार्टरचं छप्पर गळतं. बायकोला नोकरी कोल्हापुरात किंवा पुण्यात. सलग दोन रात्री जागून तिसऱ्या दिवशी शवविच्छेदन, मग न्यायालयात साक्ष. आणि रुग्ण दगावला की आपणच, त्याच गावचे आपण, काच फोडायला पुढे. हा शेवटचा भाग आपण कुणी उपोषणाच्या मंडपात बोलत नाही.

एक माणूस टिकला तर काय होतं, याचं उदाहरण कोकणातच आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानं पोरं डोळ्यांदेखत मरत होती. ते खाटेशेजारी बसून राहिले, मिनिटामिनिटाला नाडी आणि रक्तदाब लिहीत राहिले, आणि रक्तदाबावरची प्रॅझोसिन नावाची गोळी या विषावर लागू पडते हे त्यांनी दाखवून दिलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं लिखाण छापलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातातही काचनळीहून फार काही नव्हतं. बसून राहणं होतं.

उलट बाजूही इथलीच. २०१६ साली दोडामार्ग भागात माकडताप शिरला. काजूच्या बागांत फिरणाऱ्यांना गोचिडीतून होणारा हा ताप, मूळचा शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातला. अशा वेळी घरोघर जाऊन "ताप कधीपासून? रानात गेला होतात?" विचारणारा आरोग्यसेवक हाच पहिला पहारेकरी. त्याचं पद रिक्त असलं तर कुणी मोर्चा काढत नाही, कारण तो आला नाही हे कुणाला जाणवतच नाही. जाणवतं ते ताप पसरल्यावर.

२०२१ साली ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. जिल्ह्याला ते हवंच होतं. आता दहा वर्षांत इथली पोरं इथेच डॉक्टर होतील अशी आशा मलाही आहे. पण महाविद्यालय म्हणजे प्राध्यापक, आणि प्राध्यापकांच्या खुर्च्यांनाही तेच तीन रकाने आहेत. सावंतवाडीला मल्टिस्पेशालिटी रुग्णालय होणार, हेही आम्ही बरीच वर्षं ऐकतो आहोत. ते जागेच्या वादात रुतलं. माझ्या मते त्या इमारतीसाठी जितके फलक लागले, त्यातल्या दहाव्या हिश्श्याची ताकद एका भूलतज्ज्ञासाठी आणि त्याच्या धड क्वार्टरसाठी लावली असती, तर बांबोळीला जाणाऱ्या कित्येक गाड्या कुडाळला किंवा सावंतवाडीलाच थांबल्या असत्या. पण भूलतज्ज्ञाचं भूमिपूजन करता येत नाही.

भाऊकाकांना पहाटे पुन्हा प्रतिसर्पविष द्यावं लागलं. सहा तासांनी डॉक्टरनं स्वतः काचनळी लावली आणि या खेपेला वीस मिनिटं स्वतःच तिच्यासमोर बसला. रक्त घट्ट झालं. सकाळी कळलं की शेजारच्या खोलीतल्या बाईला मुलगी झाली, आणि त्या डॉक्टरच्या बंधपत्राचे सतराच दिवस उरले होते.

घरी सोडताना त्यानं केसपेपरच्या गठ्ठ्यातून एक छापील चिठ्ठी बाजूला काढली, थोडं हसला आणि म्हणाला, "ही रात्रीच लिहून ठेवली होती, लागली असती तर." भाऊकाकांनी ती मागून घेतली. आता ती त्यांच्या कपाटात वीजबिलांच्या फायलीत आहे. रुग्णाचं नाव, वय ६१, सर्पदंश, पुढील उपचारासाठी गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी, खाली सही. फक्त वेळेचा रकाना कोरा आहे.