निरोगी जनावरांची नोंद

गोठ्यांत जनावरें दगावूं लागलीं म्हणजे त्यांनीं काय खाल्लें याची आठवण मालकास होते. दहांपैकीं आठांनीं सरकीची पेंड खाल्ली होती असें निघालें, कीं दोष पेंडीच्या माथीं बसतो. परंतु त्याच गांवांतील धडधाकट जनावरांपैकींहि दहांत आठ पेंडच खात असतील, तर पेंडीचा अपराध तो कोणता? महसूल खात्याच्या नोकरींत प्रस्तुत लेखकानें पुष्कळ पंचनामे पाहिले. त्यांत मेलेल्या बैलाची खडान्‌खडा हकीकत असे, शेजारच्या जिवंत बैलाविषयीं एक ओळहि नसे. ही उणीव भरून काढणारी पद्धति पशुरोगांच्या शोधकांनीं योजिली आहे. रोगी जनावरांच्या जोडीस त्याच मुलखांतील, त्याच वयाचीं निरोगी जनावरें घेऊन दोहोंचा पूर्ववृत्तांत ते ताडून पाहतात.

विलायतेंत १९८६ सालीं गाईंचा एक नवा मेंदुरोग ओळखण्यांत आला. गाई बुजत, अडखळत, अखेर मरत. लशी, कीटकनाशकें इत्यादि अनेक गोष्टींवर संशय होता. वेब्रिज येथील सरकारी प्रयोगशाळेंतील जॉन वाइल्स्मिथ व त्यांचे सहकारी यांनीं चौकशी केली, तेव्हां रोगी गाईंस समान अशी गोष्ट एकच सांपडली. ती म्हणजे विकतचा तयार खुराक. त्यांत मेलेल्या गुरामेंढरांच्या मांसाचा व हाडांचा भुगा मिसळलेला असे. (गवत खाणाऱ्या प्राण्यास त्याच्याच जातीचीं हाडें चारण्याची कल्पना ज्यांस सुचली त्यांस काय म्हणावें!) पुढें रोग झालेले व न झालेले कळप घेऊन, त्यांतील वासरांस कोणता खुराक मिळाला होता याचीहि तुलना झाली, आणि भुग्यावरील संशय दृढ झाला.

असा संबंध मोजावा कसा, हें एका कल्पित हिशेबानें पाहूं. समजा, ४० रोगी जनावरांपैकीं ३० नीं भुगा खाल्ला, १० नीं नाहीं. ४० निरोगी जनावरांपैकीं १० नीं खाल्ला, ३० नीं नाहीं. यावरून भुगा खाणारांत शेंकडा ७५ आजारी पडतात असें म्हणतां येणार नाहीं. कारण रोगी व निरोगी किती घ्यावयाचे हें आपणच ठरविलें. म्हणून खाल्लेले व न खाल्लेले यांचें प्रमाण काढावें. रोग्यांत तें तिनास एक, निरोग्यांत एकास तीन. पहिल्यास दुसऱ्यानें भागिलें असतां ९ येतात. उत्तर १ च्या आसपास आलें तर संबंध दिसत नाहीं. १ हून जितकें मोठें, तितका संबंध बळकट. मात्र जनावरें थोडीं असल्यास मोठा आंकडाहि योगायोगानें येऊं शकतो.

खरी अडचण आठवणीची. हा रोग बहुधा चार-पांच वर्षांनीं प्रकट होतो, व खुराक तर वासरूपणीं दिलेला. ज्याची गाय गेली तो मालक डोकें खाजवून सर्व आठवतो. ज्याची सुखरूप आहे तो ‘नेहमींचेंच’ म्हणून मोकळा होतो. अशा वेळीं खुराकाच्या पावत्या जपलेल्या असल्या तर त्या दहा साक्षीदारांहून बऱ्या.

जुलै १९८८ मध्यें रवंथ करणाऱ्या जनावरांस हा भुगा चारण्याची तेथें बंदी झाली. तरीहि रोग वाढतच जाऊन १९९२ सालीं कळसास पोंचला, कारण आधीं जन्मलेल्या वासरांच्या पोटांत तो भुगा गेलेला होता. त्यानंतर उतार लागला. परंतु डुकरां-कोंबड्यांच्या खाद्यांत भुगा चालूच असल्यानें गिरण्यांत तो गाईंच्या खाद्यांत मिसळत राहिला, आणि १९९६ सालीं शेतीच्या सर्वच जनावरांच्या खाद्यांतून तो काढावा लागला.