चिकू कोण काढतं, चौक कोण लिहितं?

इंग्रजी व्याकरणातला माझा सर्वांत आवडता धडा पॅसिव्ह व्हॉइसचा. बहुतेकांना तो आठवतो तो परीक्षेतल्या ‘चेंज द व्हॉइस’पुरता. कर्ता मागे न्यायचा, कर्म पुढे आणायचं, मध्ये ‘बाय’ घालायचा आणि गुण घ्यायचे. ‘आंबा रामाकडून खाल्ला जातो’ असं कुणी बोलत नाही, इंग्रजसुद्धा नाही. पॅसिव्ह खरा खुलतो तो एखादी वस्तू कशी तयार होते हे सांगताना. हे शिकायला डहाणू-तलासरीसारखा मुलूख शोधून सापडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

घोलवडचा चिकूच घ्या. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या वाड्यांमध्ये मुख्यतः कालीपत्ती जात, खिरणीच्या खुंटावर कलम केलेली. टोकाला जाळी बांधलेल्या लांब बांबूने फळ काढतात, चीक आणि वरचा भुरकट थर जावा म्हणून धुतात, आकाराप्रमाणे निवडतात आणि खोक्यांत भरतात. आता हेच इंग्रजीत: ‘द फ्रूट इज पिक्ड, वॉश्ड, ग्रेडेड अँड पॅक्ड.’ एकच ‘इज’ आणि त्याच्या आधारावर चार क्रियापदं! काढणारा वेगळा, धुणारी वेगळी, निवडणाऱ्या बाया वेगळ्या, खोकी भरणारा आणखी कुणी. प्रत्येकाला कर्ता केलं तर चार वाक्यांत चार माणसं येऊन जातील आणि चिकू हरवेल. पॅसिव्हमध्ये झाडापासून खोक्यापर्यंत वाक्याचा धनी चिकूच राहतो. वाचणाऱ्याला त्याचाच माग काढायचा असतो.

पण याहून सुंदर गोष्ट समुद्रकाठी आहे. पावसाळा सरला की डहाणूच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील चढतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि ती आडव्या दोरीवर दोन्हीकडे लोंबती टाकायची. कोळणींचे हात इतके भराभर चालतात की कोणता जबडा कशात अडकला हे बघेपर्यंत पुढची जोडी टांगलेली असते. मी तिथे तासन् तास उभा राहिलो आहे. इंग्रजीत सांगायचं तर बोंबील ‘आर हंग’, कारण ते कुणीतरी टांगतं. मग ते ‘ड्राय’. ते काम ऊन आणि वारा करतात, म्हणून इथे पॅसिव्ह लागत नाही. चिकूचंही तसंच. तो ‘इज पिक्ड’, पण नंतर नुसता ‘राइपन्स’. आपोआप घडतं ते साधं आणि माणूस घडवतो ते पॅसिव्ह, हा फरक मुलांना कुणी समजावून सांगत नाही. मग ती धडाधड प्रत्येक क्रियापदामागे ‘इज’ लावत सुटतात.

खरं तर हा फरक मराठी मुलाला घरातूनच मिळालेला असतो. बोंबील वाळतो, कोळीण बोंबील वाळवते. फळ पिकतं, व्यापारी ते पिकवतो. मधला तो ‘व’ माणसाचा हात दाखवतो. इंग्रजीत ‘ड्राय’ दोन्हीकडे एकच, म्हणून तिथे हात दाखवायचं काम पॅसिव्हवर येतं. हे ओळखलं की निम्मा धडा संपला.

पार्श्वभूमी थोडक्यात. इंग्रजीतलं विज्ञानलेखन पॅसिव्हने सुरू झालेलं नाही. न्यूटनने 1672 साली प्रकाशावरचे प्रयोग ‘मी’ म्हणूनच सांगितले. शास्त्रीय लेखनात पॅसिव्हचा अंमल पुढे बसला. 1946 मध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेलने एकूणच पॅसिव्हच्या वापरावर टीका केली आणि आज ‘नेचर’सारखं नियतकालिकही लेखकांना कर्तरी रचना सुचवतं. मराठीत दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये व्याकरण लिहिलं, मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये. इंग्रजी वळणाच्या ‘कडून’वाल्या रचनेला आपल्या व्याकरणात नवीन कर्मणी असंच नाव आहे. जुन्या मराठीचा स्वतःचा ‘इजे’वाला कर्मणी होता. तो गेला, पण ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ या रूपांनी रोज आपल्या तोंडी आहे. कृती सांगायला आज आपल्याकडे ‘वाळवतात’, ‘भरतात’ आहेतच. कर्ता न सांगता अनेकवचन वापरलं की झालं. सरकारी फलकांवरचं ‘करण्यात येते’ मला तरी जड वाटतं.

आता पॅसिव्हची दुसरी बाजू. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याआधीच वारली चित्रं जगभर गेली होती. चित्रांबरोबर माहितीपत्रकंही गेली: भिंत शेण-गेरूने सारवली जाते, तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं जातं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं जातं, त्याने चित्र काढलं जातं. चित्र तयार कसं होतं हे यातून चोख कळतं. पण लग्नघराच्या भिंतीवरचा चौक सवासिणी लिहितात. वारली बोलीत चौक लिहितात, काढत नाहीत. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि मध्ये पालघट देवी बसते. कोण लिहितं हाच इथे विधीचा प्राण आहे. सवासिणींना वाक्यातून काढलं तर उरते ती नुसती नक्षी. आधी वर्षानुवर्षं बायकांच्या हातची असलेली ही कला पुढे बहुतांशी पुरुषांच्या नावावर बाजारात गेली, हे अशा माहितीपत्रकांतून वाचकाला कळतच नाही.

कर्ता लपतो तो फक्त चित्रांच्या माहितीतच नाही. तलासरीच्या झरी गावात मे 1945 मध्ये वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. तोवर जमीनदारांच्या वाड्यांवरचं गवत ‘कापलं जात’ होतं. कोण कापतं, मजुरी किती मिळते, हे वाक्यात येत नव्हतं. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी वारल्यांवर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. हे वाक्य मी कर्ता पुढे ठेवूनच लिहितो आणि विद्यार्थ्यांनीही तसंच लिहावं असं मला वाटतं. फळ निवडताना कोण निवडतं हे सोडलं तरी चालतं. गोळी कुणी झाडली हे सोडून चालत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आजूबाजूला जे मिळेल त्यावरून शिकवायचं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवायची, ही त्यांची रीत. इथल्या पुष्कळ मुलांची घरची बोली वारली, शाळेची भाषा मराठी, शेजारी गुजराती आणि त्यावर इंग्रजी. त्यांच्यापुढे रामाचा आंबा ठेवून काय मिळणार? डहाणू-तलासरीतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदा पॅसिव्हचा धडा फळ्यावर सुरू करू नका. मुलांना वलांडीशी न्या किंवा चिकूच्या वाडीत न्या, आणि दिसेल ती प्रत्येक पायरी आधी त्यांच्या बोलीत सांगू द्या. मग प्रत्येक पायरीला दोनच प्रश्न विचारा: हे आपोआप होतं की कुणी करतं? आणि करणाऱ्याचं नाव घ्यायलाच हवं का? उत्तरं मिळाली की इंग्रजी वाक्यं त्यांची तीच लिहितील.