भाग ४१ : रोड बाइकच्या चाकाला रिम कोणती घ्यायची?

ऐकायचं असेल तर वरचं बटण दाबा. इयरफोन घरी राहिला असेल तर खाली वाचा. रेकॉर्डिंगमध्ये बोललो तेच आहे, फक्त थोडं झाडून-पुसून घेतलंय.

आजचा विषय एका मेसेजमधून आला. कोल्हापूरचा एक श्रोता आहे. वजन ८४ किलो, सायकल, पाणी, पिशवी सगळं धरून ९५. ब्रेवे करतो. ३०० किलोमीटरच्या ब्रेवेत मागच्या चाकाचा स्पोक तुटला, दुकानातून बदलून आणला, आउट काढून घेतला. दोन आठवड्यांनी शेजारचा तुटला. आता विचारतोय, "दादा, पैसे जमवलेत. तेवढ्यात कार्बनची खोल रिमवाली तयार चाकं येतात, नाहीतर तुम्ही म्हणता तशी हाताने बांधलेली. काय घेऊ? आणि २४ स्पोकचं चालेल ना?"

नाही चालणार रे. का ते सांगतो, कारण रिमची निवड तिथूनच सुरू होते.

बैलगाडीचं चाक आठवा. तुंबा, आरे आणि बाहेर लोखंडी धाव. गाडीचं वजन खालच्या आऱ्यावर उभं राहतं, तो आरा दाबला जातो. सायकलचा स्पोक म्हणजे दोन मिलिमीटरची तार. ती दाबून कशी उभी राहील? म्हणून सगळे स्पोक आधीच ओढून ताणलेले असतात. तुम्ही सीटवर बसलात की खालच्या तीन-चार स्पोकचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा जवळपास तसाच राहतो. चाक फिरतं तसा प्रत्येक स्पोक एका फेरीत एकदा सैल होतो आणि परत ताणला जातो. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ साली आलेल्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हे सविस्तर मांडलंय. चाकं बांधणारे अजूनही त्याच पुस्तकाकडे वळतात.

आता ३०० किलोमीटर म्हणजे किती फेऱ्या? चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे एका ब्रेवेत जवळपास १ लाख ४० हजार वेळा ती तार सैल-घट्ट, सैल-घट्ट. तार एकदम ओढून तुटत नाही, वाकवून-वाकवून तुटते. हबजवळ जिथे तिला कोपर असतो तिथे.

आणि रिमचा संबंध इथे येतो. रिम ताठ असेल तर खालून आलेला मार ती जास्त स्पोकांत वाटून देते. रिम हलकी, पातळ असेल तर सगळा मार दोन-तीन स्पोकांवर पडतो. म्हणजे हलकी रिम आणि कमी स्पोक, दोन्ही एकत्र घेतलं की चाक दोन्ही बाजूंनी उघडं पडतं. कारखान्यातल्या कमी स्पोकच्या चांगल्या चाकांची रिम बहुतेक वेळा जड किंवा खोल असते, ती उगाच नाही.

मागच्या चाकाची आणखी एक भानगड आहे. उजवीकडे गिअरचा कॅसेट बसतो, त्यामुळे उजवीकडचे स्पोक जवळजवळ सरळ उभे आणि डावीकडचे तिरके. रिम मधोमध ठेवायची तर उजवे खूप ताणावे लागतात आणि डावे त्याच्या निम्म्याच्या जरा वर राहतात. उजवीकडे ११०-१२० किलोचा ताण दिला तर डावीकडे ६० च्या आसपास. हेच डावे सैल स्पोक खड्ड्यात पूर्ण ढिले होतात, निपल फिरतात, चाकात आउट येतो आणि शेवटी तुटतात. याच्यावर एक उपाय रिममध्येच मिळतो. काही रिम्सची भोकं मधोमध नसून दोन-तीन मिलिमीटर एका बाजूला सरकवलेली असतात. अशी रिम मागे लावली की डाव्या बाजूचा ताण बराच वाढतो. तशी मिळाली तर मागच्या चाकाला डोळे झाकून घ्या. पुढच्या चाकाला, रिम ब्रेकची सायकल असेल तर, काही गरज नाही.

तर वजनाने ८४ किलो, रस्ते आपले, पिशवी बांधलेली: मागे ३२ स्पोक, पुढे २८. तुम्ही ६० किलोचे असाल आणि रविवारी ५० किलोमीटर फिरत असाल तर २४-२८ वर निभेल. हबला जितकी भोकं तितकीच रिमला लागतात, एवढं लक्षात ठेवा. ३२ चा हब घरात पडलाय आणि २८ ची रिम सेलमध्ये मिळाली, असं जुळवून चालत नाही.

"पण दादा, वजन वाढेल." वाढेल. किती ते बघू. दोन्ही रिम्स मिळून २०० ग्रॅम जास्त धरा. एकूण ९५ किलोत २०० ग्रॅम म्हणजे पाव टक्काही नाही. ४५ मिनिटांच्या चढात सहा सेकंदांपेक्षा कमी फरक. रिमचं वजन दुप्पट मोजावं म्हणतात ते वेग वाढवताना खरं आहे, एकसारख्या वेगाने घाट चढताना नाही. रस्त्याच्या कडेला तुटलेला स्पोक घेऊन बसलात तर किती सेकंद जातात ते श्रोत्याने स्वतःच मोजलंय. [हसू]

आता कार्बन. त्याची सायकल रिम ब्रेकची आहे, म्हणून मी थोडा कडक बोलणार. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीकडे निघालात, साधारण ६०० मीटरची उतरण धरू. ९५ किलो ६०० मीटर खाली येतात तेव्हा सुटणारी ऊर्जा पावणेदोन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. वेगाने उतरलात तर त्यातली बरीच हवेला जाते. पण वळणं, ट्रक, ओला रस्ता, भीती यामुळे ब्रेक धरून सावकाश उतरलात तर ती सगळी ब्रेक पॅड आणि रिममध्ये जाते. अल्युमिनियम ती उष्णता पटकन पसरवतं आणि हवेला देतं. कार्बनच्या रिममध्ये धागे राळेने चिकटवलेले असतात. राळ जास्त तापली की मऊ पडते, आणि आतून टायरची हवा भिंतीला बाहेर ढकलतच असते. भिंत फुगते. चांगल्या कंपन्यांची राळ जास्त तापमान सोसते, पण ती चाकं या बजेटमध्ये येत नाहीत. पावसात कार्बनवर ब्रेक उशिरा लागतो ते वेगळंच.

डिस्क ब्रेक असता तर हे सगळं बाद. तिथे रिमला ब्रेकची झळ लागत नाही, कार्बन खुशाल घ्या. फक्त डिस्कमुळे पुढच्या चाकालाही तिरकेपणा येतो आणि ब्रेकचा पीळ स्पोकांतून जातो, तेव्हा तिथेही स्पोकांत कंजुषी नको.

रिम ब्रेकवाल्यांनी अजून एक बघायचं. पावसाळ्यात ब्रेक लावला की जे काळं पाणी ओघळतं ना, त्यात तुमची रिमच असते. पॅडमध्ये खडी अडकते आणि ती कानशीसारखी भिंत घासते. म्हणून पुष्कळ रिम्सच्या ब्रेकच्या पट्टीवर बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली. भिंत पातळ झाल्यावर टायरच्या दाबाने ती एक दिवस उलते, आणि ते बहुतेक घाटातच होतं. खूण असलेलीच रिम घ्या.

रुंदी. आधी मॅव्हिक ओपन प्रोसारख्या रिम्स आतून १५ मिलिमीटर असायच्या. आता १८-१९ नेहमीचं झालंय. डीटी स्विसची आर ४६० आतून १८ आहे, वजन ४६० ग्रॅमच्या आसपास. दिसायला साधी, पण माझ्या मते अशा कामाला योग्य. रुंद रिमवर टायर पसरून बसतो, हवा थोडी कमी ठेवता येते, हात कमी दुखतात. पण जुन्या सायकलच्या ब्रेकमध्ये जागा आहे का ते आधी बघा, कारण २५ छापलेला टायर रुंद रिमवर २६-२७ भरतो.

हुकलेस रिमबद्दल दोन वाक्यं. तिच्या कडेला टायर धरून ठेवणारा आकडा नसतो, त्यामुळे कमाल दाब ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. ८४ किलोचा माणूस २५ च्या टायरला याहून जास्त हवा भरतो. २०२४ च्या युएई टूरमध्ये थॉमस दे हेंट पडला तेव्हा टायर हुकलेस रिमवरून सुटला होता आणि त्यावर मोठा वाद झाला. आपल्या श्रोत्याने आकड्याचीच रिम घ्यावी.

खोल रिमची हवेतली बचत खरी आहे, पण २५ च्या सरासरीने चालणाऱ्याला ती थोडीच मिळते. आणि हायवेवर ट्रक शेजारून गेला की तीच खोल रिम हँडल ओढते. २३ ते ३० मिलिमीटर खोली पुष्कळ झाली.

शेवटचं, ऑर्डर देण्याआधीचं. स्पोकची लांबी रिमच्या आतल्या व्यासावरून काढतात, म्हणजे निपल जिथे टेकतो तिथला व्यास. वेबसाइटवर दिलेला आकडा प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणाहून मोजतो. व्यासात दोन मिलिमीटरची चूक म्हणजे स्पोकमध्ये एक मिलिमीटरची, आणि दोन मिलिमीटर लांब स्पोक आला तर निपलचे आटे संपतात, ताणच बसत नाही. म्हणून रिम आधी मागवा. हातात आली की दोन जुने स्पोक कापून, निपल लावून, समोरासमोरच्या भोकांतून आत घाला आणि मोजा. दोन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. मग स्पोक मागवा, आणि चार जास्तीचे.

पुढच्या भागात हब.