सँक्शन म्हणजे मंजुरी की बंदी? एकाच इंग्रजी शब्दाचे दोन उलट अर्थ कसे झाले?

'होम लोन सँक्शन झालं' असा मेसेज आला की घरात पेढे येतात. त्याच मोबाइलवर 'रशियावर नवे सँक्शन्स' असं नोटिफिकेशन येतं, तिथे मात्र अर्थ नेमका उलटा असतो. एकीकडे परवानगी, दुसरीकडे शिक्षा. मग हा शब्द वाचायचा कसा?

शब्द आला कुठून?

मूळ लॅटिन भाषेत आहे. 'सँकिरे' या क्रियापदाचा अर्थ पवित्र ठरवणं, मोडता येणार नाही असं करणं. रोमन कायद्यात 'सँक्शियो' म्हणजे कायदा मोडल्यास काय शिक्षा होईल हे सांगणारं कलम. म्हणजे कायद्यावर उमटलेली अधिकृत मोहोर आणि तो मोडल्यास बसणारा दंड, या दोन्ही गोष्टी मुळातच एकत्र होत्या. पुढे इंग्रजीत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मोहोरेची झाली मंजुरी, दंडाचे झाले निर्बंध.

'सेंट' आणि 'सँक्च्युअरी' हे शब्दही याच कुळातले. आपला 'संत' मात्र यांचा नातेवाईक नाही. तो संस्कृत 'सत्'वरून आला आहे. उच्चार जवळचा असल्यामुळे अनेकांची फसगत होते.

देशांवरचे निर्बंध

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाच्या करारात आक्रमक देशाशी व्यापार तोडण्याची तरतूद होती. इटलीने इथिओपियावर हल्ला केल्यावर नोव्हेंबर 1935मध्ये ती वापरली गेली. पण यादीतून तेलच वगळलेलं होतं. इटलीचं युद्ध थांबलं नाही आणि जुलै 1936मध्ये निर्बंध उठवले गेले.

भारतालाही याचा अनुभव आहे. मे 1998मधल्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले. त्यातले बहुतेक सप्टेंबर 2001मध्ये उठले.

सरकारी कागदावरचं सँक्शन

आपल्या कार्यालयांत मात्र मंजुरीचाच अर्थ चालतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना 'सँक्शन्ड पोस्ट' हा शब्द पाठ असतो. मंजूर पदं म्हणजे भरलेली पदं नव्हेत, हेही त्यांना चांगलंच ठाऊक असतं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मंजूर पदं 94 आहेत, प्रत्यक्षातली संख्या बहुतेक वेळा त्याहून कमी असते.

गोंधळ वाढतो तो 'सँक्शन फॉर प्रॉसिक्युशन'मध्ये. ऐकायला शिक्षा झाल्यासारखं वाटतं, पण ती असते सरकारी अधिकाऱ्यावर खटला चालवण्याची परवानगी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, 1988च्या कलम 19नुसार ती लागते. त्यामुळे 'सँक्शन नाकारलं' अशी बातमी आली, तर दिलासा अधिकाऱ्याला मिळालेला असतो.

ओळखायचं कसं?

अनेकवचनी 'सँक्शन्स' दिसलं तर बहुतेक वेळा निर्बंध. देश, बँक, जहाज किंवा व्यक्ती 'सँक्शन्ड' असेल तरीही निर्बंधच. कर्ज, पद, निधी किंवा इमारतीचा प्लॅन 'सँक्शन्ड' असेल तर मंजुरी. भाषांतराचं ॲप इथे चुकू शकतं. 'सँक्शन्ड बँक'चं 'मंजूर बँक' झालं, तर अर्थाचा अनर्थ!

लोन सँक्शन झालं, मग पैसे कुठे?

सामान्य माणसाचा खिसा अडकतो तो इथे. सँक्शन लेटर म्हणजे बँकेची अटींसह तयारी. पैसे हातात पडणं, म्हणजे डिस्बर्समेंट, हा पुढचा टप्पा. मधे मालमत्तेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी होते. टायटलमध्ये खोट निघाली तर मंजूर कर्जही अडतं. तोपर्यंत बिल्डरला मोठं टोकन देऊन बसलेल्यांची पंचाईत होते.

भामटेही याच शब्दाचा फायदा घेतात. बँकेचा लोगो लावलेलं बनावट सँक्शन लेटर व्हॉट्सॲपवर येतं आणि 'प्रोसेसिंग फी आधी भरा' म्हणून कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले जातात. अशा वेळी पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका, थेट शाखेत जाऊन विचारा.

पत्र खरं असेल तर त्यावरची मुदतही बघा. ती उलटल्यावर बँक कागदपत्रं पुन्हा मागू शकते आणि तोवर व्याजदरही बदललेला असू शकतो.